एक पावसाळा तरी काढावा

गेल्या आठवड्यात सांगे तालुक्यातील एक तेवीस वर्षांचा तरुण आमच्या कचेरीत येऊन बसला. अवजड वाहनाचा परवाना मिळून त्याला सहा महिने झाले आहेत आणि वेर्णे औद्योगिक वसाहतीतील एका वाहतूकदाराच्या ट्रकवर तो चार महिन्यांपासून चालक आहे. माल भरून अनमोड घाटाने बेळगाव-हुबळी गाठावयाची आणि परतीचा माल घेऊन यावयाचे, हे त्याचे काम. पगार अठरा हजार, तोही हाती पडतो बारा-पंधरा तारखेस. आता डिचोलीकडचा एक टिप्परमालक त्यास एकवीस हजार देऊ म्हणतो. "बाब, सोडू की राहू?" एवढेच त्यास आम्हांला विचारावयाचे होते.

प्रश्न एकट्याचा असता तर आम्ही त्यास चहा पाजून आणि चार शब्द सांगून वाटेस लावले असते. परंतु सांगे, केपे, डिचोली, सत्तरी या तालुक्यांतील कितीतरी घरांत हाच प्रश्न आज रात्रीच्या जेवणास बसतो. याच घरांनी एके काळी कर्ज काढून ट्रक घेतले. सप्टेंबर २०१२ मध्ये राज्य सरकारने आणि पाठोपाठ सर्वोच्च न्यायालयाने खाणी थांबविल्या, तेव्हा ते ट्रक अंगणात उभे राहिले आणि हप्ते मात्र चालू राहिले. पुढे खाणी सुरू झाल्या न झाल्या, तोच २०१८ मध्ये न्यायालयाने ८८ खाणपट्टे रद्द ठरविले. आमच्यासमोर बसलेल्या तरुणाच्या मामाचा ट्रक याच काळात मातीमोल किमतीस गेला. मामा मालक होता, भाचा पगारी चालक झाला आहे. अशा मुलास 'धीर धर' असे सांगणे सोपे आहे. पण धीर कशासाठी आणि कोठवर धरावयाचा, हेही सांगणे आमचे कर्तव्य ठरते.

प्रथम पैशाचा हिशेब पाहू. महिन्यास तीन हजार अधिक, हा आकडा कोणाच्याही डोळ्यांत भरेल. परंतु खनिजाची वाहतूक हा हंगामी धंदा आहे. पावसाळ्याच्या चार महिन्यांत खाणींचे काम थांबते. त्या चार महिन्यांचे काय ठरले, असे आम्ही विचारले तेव्हा तो तरुण गप्प झाला. ते त्याने विचारलेच नव्हते. आठ महिने एकवीस हजारांप्रमाणे एक लाख अडुसष्ट हजार होतात आणि बारा महिने अठरा हजारांप्रमाणे दोन लाख सोळा हजार. अठ्ठेचाळीस हजारांचा हा खड्डा बोलण्यातल्या तीन हजारांनी झाकला गेला होता. शिवाय २०२४ पासून लिलावातून दिलेल्या पट्ट्यांवर खाणकाम पुन्हा सुरू झाले असले, तरी ज्या धंद्याने बारा वर्षांत दोनदा माणसे वाऱ्यावर सोडली, त्याच्या नुसत्या तोंडी शब्दावर चार महिन्यांची नोकरी सोडणे शहाणपणाचे नव्हे.

दुसरा हिशेब हाताचा आहे आणि आमच्या मते तो पैशाच्या हिशेबाहून मोठा आहे. पूर्वी माणूस चालक होण्याआधी दोन-चार वर्षे क्लीनर म्हणून उस्तादाच्या शेजारी बसे. टायर ठोकून हवा ओळखणे, ताडपत्री व दोर बांधणे, आरशात पाहून गाडी मागे घेणे, हे सारे तो परवान्यापूर्वीच शिकत असे. आज शिकवणीच्या शाळेतून परवाना मिळतो आणि शिक्षण त्यानंतर सुरू होते. रिकाम्या मैदानावर गाडी वळविणारा हात भरलेल्या गाडीस पुरा पडतोच असे नाही. ज्या गिअरात चढ चढला त्याच गिअरात, किंवा त्याहूनही खालच्या गिअरात, उतार उतरावा, हे प्रत्येक नवख्याने ऐकलेले असते. परंतु सतत ब्रेकवर पाय ठेवून उतरले की ब्रेक तापतात आणि ऐन वळणावर साथ सोडतात, हे जुन्या माणसाच्या डोळ्यांदेखत घाट उतरल्याखेरीज अंगी मुरत नाही. हवेच्या दाबाचा काटा केव्हा पाहावा, पहिल्या पावसात डांबरावर तेल तरंगते तेव्हा गाडी किती अंतरावर रोखावी, धुक्यात समोरचे दिवे दिसेनासे झाले म्हणजे काय करावे, हे धडे ऋतूच देतात. म्हणून आमचे सांगणे असे की, नव्या चालकाने पहिल्या मालकाकडे एक पावसाळा तरी काढावा. जून ते मे असे एक चक्र पुरे झाले म्हणजे त्यास गाडीही कळते, रस्ताही कळतो आणि आपली किंमतही कळते. चार महिन्यांत गाडी सोडून नव्या दारात उभ्या राहिलेल्या माणसाच्या वाट्यास बहुधा त्या ताफ्यातली सर्वांत जुनी गाडी येते, हेही ध्यानात ठेवावे.

तथापि, हा सल्ला सरसकट नाही. 'ज्याचे मीठ खाल्ले त्याच्याशी इमान राखावे' असे म्हणून तरुणांना बांधून ठेवणाऱ्या वडीलधाऱ्यांशी आमचा मतभेद आहे. इमान दोन्ही बाजूंनी असावे लागते. जो मालक घासलेल्या टायरांवर गाडी घाटात पाठवितो, विमा व फिटनेसची मुदत संपलेली असता 'पुढच्या महिन्यात पाहू' म्हणतो, रात्रभर गाडी हाकून आलेल्या माणसास झोप न देता पुन्हा भरती घ्यावयास लावतो, किंवा क्षमतेपेक्षा अधिक माल भरावयास लावतो, त्याच्याकडे पावसाळा काढण्याची गरज नाही. एक आठवडाही काढू नये. क्षमतेबाहेर माल भरल्यास वीस हजार रुपये आणि जादा प्रत्येक टनामागे दोन हजार रुपये दंड आहे. चालक मालक नसल्यास ती गोष्ट मालकाच्या संमतीने घडली असे न्यायालयास गृहीत धरता येते, हे खरे. पण रस्त्यावर हात दाखवून थांबविला जातो तो चालक. निष्काळजीपणाने कोणाचा मृत्यू घडल्यास भारतीय न्याय संहितेप्रमाणे पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, तीही प्रथम त्याच्याच नावावर. ट्रिपांच्या संख्येवर पैसे मिळू लागले म्हणजे गाड्या कशा धावतात आणि त्या धावण्याने कोणाच्या घरात अंधार होतो, हे सावर्डे-कुडचड्याच्या रस्त्याकाठी राहणाऱ्यांना आम्ही सांगावयास नको. त्या तरुणाने टिप्परमालकास पगार विचारला. ट्रिपांची सक्ती आहे काय, हे विचारले नाही. तेच प्रथम विचारावयास हवे होते.

आणखी एक बेडी आहे, तिचे नाव उचल. काही मालक नव्या मुलास पंधरा-वीस हजार आगाऊ देतात आणि ती फिटेपर्यंत परवाना किंवा कागद आपल्या पेटीत ठेवून घेतात. घेतलेली उचल फेडणे हे चालकाचे कर्तव्य आहे, त्यात सूट नाही. परंतु आगाऊ रकमेच्या बदल्यात माणसाचे अन्यत्र काम करण्याचे स्वातंत्र्यच हिरावून घेणे, यास वेठबिगारी म्हणतात आणि १९७६ च्या कायद्याने ती या देशात बंद केली आहे. परवाना चालकाच्या नावाचा असतो. तो दुसऱ्याच्या पेटीत असणे यातच काहीतरी चुकलेले आहे.

आता वाहतूकदारांसाठी दोन शब्द. चालक मिळत नाहीत, मिळाले तर टिकत नाहीत, ही त्यांची तक्रार आम्ही वारंवार ऐकतो. ती खोटी नाही. शिकविलेला माणूस चौथ्या महिन्यात निघून जातो तेव्हा मालकाचे नुकसान होते, हेही आम्ही जाणतो. पण २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या श्रमसंहितांनी मासिक पगार पुढील महिन्याच्या सातव्या दिवसाच्या आत देण्याचे आणि कामगारास नियुक्तिपत्र देण्याचे बंधन मालकांवर घातले आहे. आठ तासांचा दिवस आणि अठ्ठेचाळीस तासांचा आठवडा हे तत्त्व तर मोटार वाहतूक कामगारांसाठी १९६१ च्या कायद्यानेच मान्य केले होते. आमच्याकडे आलेल्या तरुणाच्या हाती नियुक्तिपत्र नाही आणि पगाराच्या तारखेचा भरवसा नाही. ज्याच्या आईस किराणाच्या दुकानी दर महिन्यास आठ दिवस तोंड चुकवावे लागते, त्या मुलाने तीन हजारांच्या शब्दावर विश्वास ठेवला तर दोष एकट्या त्याचा कसा? त्याचा मालक गाडी उत्तम राखतो, घाटात घाई करू देत नाही, जुना चालक सोबत देतो, असे तो मुलगा स्वतःच सांगत होता. असा मालक केवळ तारीख न पाळल्याने हातचा माणूस गमावीत आहे.

आम्ही त्या तरुणास सांगितले ते असे. आधी आपल्या मालकाकडे जा, पगार सात तारखेच्या आत मिळावा आणि नियुक्तिपत्र मिळावे, एवढे स्पष्ट शब्दांत माग. मागताना मान खाली घालू नकोस आणि आवाजही चढवू नकोस. डिचोलीच्या मालकास पावसाळ्यातील पगार, ट्रिपांची अट आणि गाडीचा विमा यांविषयी विचार आणि उत्तर कागदावर घे. कागद देत नसेल तर उत्तर मिळाले असे समज. राहावयाचे ठरले तर पुढचा पावसाळा काढ. जावयाचे ठरले तर आगाऊ कळवून जा. गाडी वाटेत टाकून जाऊ नकोस. किल्ली, टायर, हत्यारे मोजून दे, उचल असेल तर फेडून पावती घे आणि किती काळ काम केले याचे पत्र माग. या धंद्यात माणूस कोठून आला यापेक्षा कसा निघाला, हे ढाब्याढाब्यांवर आधी पोहोचते.

तो उठला तेव्हा त्याने काय ठरविले, हे आम्ही विचारले नाही. निर्णय त्याचा आहे आणि तो त्यास मोकळेपणी घेता आला पाहिजे. मात्र त्याच्या मालकास आणि त्याच्यासारख्या सर्व भल्या मालकांस आमची विनंती आहे की, येत्या सात तारखेस पगार चालकाच्या हाती पडेल एवढे पाहावे. मग चालक टिकत नाहीत ही तक्रार किती उरते, ते आपण सारेच पाहू.