गणितात पीएचडी झाली, पुढे काय? पोस्टडॉकच्या संधी नेमक्या कुठे आहेत?

केमिस्ट्रीत पीएचडी झालेल्यांना अनेकदा एखाद्या प्रयोगशाळेत पोस्टडॉक मिळतं. प्रयोगांसाठी माणसं लागतात आणि पगार बहुतेकदा प्राध्यापकाच्या प्रकल्पातून निघतो. शुद्ध गणितात प्रयोगशाळाच नसते, त्यामुळे असे प्रकल्पही मोजकेच. इथे संस्थेची जागा मिळवायची, नाहीतर स्वतःची फेलोशिप आणायची.

पोस्टडॉक कशासाठी?

पीएचडीनंतरची ही दोन-तीन वर्षांची तात्पुरती संशोधनाची नोकरी. ती ऐच्छिक वाटते, पण आयआयटीत असिस्टंट प्रोफेसर ग्रेड १ पदासाठी साधारणपणे पीएचडीव्यतिरिक्त ३ वर्षांचा अनुभव मागतात. यूजीसीच्या २०१८ च्या नियमांतही मुलाखतीसाठीच्या यादीत शिकवण्याच्या किंवा पोस्टडॉकच्या अनुभवाला वर्षाला २ गुण आहेत, जास्तीत जास्त १०.

भारतात कुठे?

• अणुऊर्जा विभागाच्या राष्ट्रीय उच्च गणित मंडळाची (एनबीएचएम) फेलोशिप. ही खास गणितासाठी.
• नॅशनल पोस्टडॉक्टरल फेलोशिप. २ वर्षांची, सगळ्या विज्ञान शाखांसाठी. आधी ती ‘सर्ब’ द्यायचं. २०२३ च्या कायद्यानंतर ती एएनआरएफकडे गेली.
• संस्थांच्या जागा: मुंबईत टीआयएफआर आणि आयआयटी, पुण्यात आयसर, चेन्नईत सीएमआय आणि आयएमएससी, प्रयागराजला हरीश-चंद्र संस्था. टीआयएफआरमध्ये पोस्टडॉकला ‘व्हिजिटिंग फेलो’ म्हणतात, हे जाहिरात शोधताना लक्षात ठेवावं.

पैसे किती? केंद्राच्या २०२३ च्या दरांनुसार रिसर्च असोसिएटला महिन्याला ५८ ते ६७ हजार रुपये आणि घरभाडे भत्ता. प्रत्येक फेलोशिपचे दर मात्र वेगळे असतात.

परदेशात?

अमेरिकेतल्या बहुतेक जागा ‘मॅथजॉब्स’ या वेबसाइटवर येतात. अनेक अर्जांची मुदत नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये संपते, नोकरी पुढच्या ऑगस्ट-सप्टेंबरपासून. तिथल्या एनएसएफची गणिताची फेलोशिप भारतीय नागरिकांना मिळत नाही; त्यासाठी अमेरिकेचं नागरिकत्व किंवा कायमचा रहिवास लागतो. युरोपच्या मारी क्युरी फेलोशिपला राष्ट्रीयत्वाची अट नाही, पण पीएचडीनंतरचा संशोधनाचा अनुभव ८ वर्षांहून जास्त नसावा.

खरी अडचण कुठे?

गणिताचा पेपर जर्नलमध्ये स्वीकारला जायला वर्ष-दोन वर्षं सहज जातात. अर्ज करताना हातात छापील पेपर एखादाच असतो. म्हणून ‘अर्काइव्ह’वर टाकलेला मसुदा आणि शिफारसपत्रं निर्णायक ठरतात. त्यातही गाइडबाहेरच्या, काम वाचलेल्या गणितज्ञाचं पत्र वजनदार.

मोठ्या संस्थेत सेमिनारला पाहुणे येतात, ओळखी होतात. पण तासिका तत्त्वावर शिकवत एखाद्या जिल्ह्याच्या ठिकाणी पीएचडी करणाऱ्यांच्या वाट्याला हे क्वचितच येतं. हुशारी सारखी असली, तरी तिची साक्ष देणारं कुणी नसतं.

यावर एक वाट आहे. टीआयएफआर आणि आयआयटी मुंबई यांचं राष्ट्रीय गणित केंद्र देशभर एटीएम कार्यशाळा घेतं. तिथे त्याच विषयातले गणितज्ञ शिकवायला असतात. ही ओळख प्रबंध जमा केल्यावर शोधून उपयोग नाही. पीएचडीच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षीच सुरुवात केली, तर पत्र लिहिणाऱ्याला काम कळायला वेळ मिळतो.