बंदी मुलांवर की लगाम कंपन्यांना?

ऑस्ट्रेलियाने १० डिसेंबर २०२५ पासून १६ वर्षांखालील मुलांना सोशल मीडियावर खाते ठेवण्यास मनाई केली. आपल्याकडेही असाच कायदा हवा, असे अनेक पालक म्हणतात. त्यांची काळजी खरी आहे. पण त्या कायद्यात शिक्षा मुलाला नाही, पालकालाही नाही. नियम न पाळणाऱ्या कंपनीला ४ कोटी ९५ लाख ऑस्ट्रेलियन डॉलरपर्यंत दंड आहे. मला हीच त्यातली खरी शिकण्यासारखी गोष्ट वाटते. न संपणाऱ्या रील्स आणि रात्री-अपरात्री वाजणारी नोटिफिकेशन्स मुलांनी बनवलेली नाहीत. मूल जितका वेळ अडकेल, तितकी कमाई कंपनीची.

भारताचा २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा १८ वर्षांखालील मुलांचा डेटा वापरण्याआधी पालकांची संमती मागतो. मुलांवर पाळत ठेवून जाहिराती दाखवण्यास मनाई करतो. उल्लंघनाला २०० कोटी रुपयांपर्यंत दंड आहे.

तरी माझ्या दोन शंका आहेत. आपल्या अनेक घरांत एकच स्मार्टफोन असतो. संमतीचा प्रश्न आला की तो आधी मुलीच्या हातून काढला जाईल, आणि त्यासोबत तिचा अभ्यास व शिष्यवृत्तीचा अर्जही जाईल. दुसरे, मुलांचे वय तपासायचे तर सगळ्यांचेच तपासावे लागेल. प्रत्येक खात्यामागे ओळखपत्र जोडले गेले, तर सरकारला प्रश्न विचारणाऱ्या तरुणाचे काय? खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्येच सांगितले आहे.

आणि वयाची भिंत द्वेष अडवत नाही. जानेवारी २०२२ मध्ये ‘बुल्ली बाई’ अॅपवर मुस्लिम महिलांचे फोटो ‘लिलावा’साठी मांडले गेले. मुंबई पोलिसांनी अटक केलेल्यांत १८ वर्षांची तरुणी आणि २१ वर्षांचा विद्यार्थी होता. कायद्याने दोघेही सज्ञान. सोळाव्या वर्षापर्यंत दार बंद ठेवायचे आणि नंतर त्याच विषारी बाजारात सोडायचे, याला संरक्षण म्हणता येणार नाही.

म्हणून मित्रांनो, आपली मागणी नेमकी हवी. अल्पवयीनांच्या खात्यांवर व्यसन लावणाऱ्या सोयी मुळातच बंद असाव्यात. वय तपासले, तरी ओळखपत्राची नोंद साठवू नये. तक्रार मराठीत आणि उर्दूत करता यावी, तिला ठरलेल्या मुदतीत उत्तर मिळावे. आपल्या खासदाराला हे लिहून कळवा. कायदा आपल्याविषयी होणार असेल, तर त्यात आपला आवाजही हवा.