‘अलोन’ म्हणजे ‘लोनली’ नव्हे! दादा कोंडकेंच्या दोन शीर्षकांतून समजून घ्या फरक

‘आई गावाला एकटीच असते.’ भोर-वेल्ह्यातून नोकरीसाठी पुण्यात आलेल्या अनेकांच्या तोंडी हे वाक्य असते. तेच इंग्रजीत सांगायचे तर ‘अलोन’ म्हणायचे की ‘लोनली’? बरेच जण दोन्ही शब्द एकाच अर्थाने वापरतात. प्रत्यक्षात एक शब्द परिस्थिती सांगतो, तर दुसरा वेदना. हा फरक व्याकरणापुरता असता तर सोडून देता आला असता. पण शब्द चुकला की उपायही चुकतो आणि त्याचा त्रास घरातल्या वडीलधाऱ्यांना होतो.

नेमका फरक काय?

‘अलोन’ हा शब्द ‘ऑल’ आणि ‘वन’ यांच्या जोडातून तयार झाला. अर्थ सरळ आहे, सोबत दुसरे कुणी नाही. ‘ती अलोन राहते’ यावरून ती सुखी आहे की दुःखी, हे कळत नाही. ‘ती लोनली आहे’ म्हणजे तिला एकाकी वाटते. मग घरात दहा माणसे का असेनात!

वापरातही फरक आहे. इंग्रजीत ‘अलोन’ नामाच्या आधी येत नाही, ‘लोनली’ येतो. माणसाऐवजी एखाद्या जागेला ‘लोनली’ म्हटले, तर अर्थ होतो निर्जन, आडबाजूची. स्वतःहून निवडलेला, हवासा वाटणारा एकांत म्हणजे ‘सॉलिट्यूड’. माणसांत मिसळायला नको म्हणणारा ‘लोनर’, म्हणजे आपला एकलकोंडा.

मराठीत या सगळ्यांसाठी शब्द आहेत. एकटा, एकाकी, एकांत, एकलकोंडा. अडचण एवढीच की, रोजच्या बोलण्यात ‘एकटा’ हा एकच शब्द सगळी कामे करतो. तिथे फरक क्रियापदातून ओळखावा लागतो. ‘एकटी आहे’ म्हणजे अलोन, ‘एकटं वाटतं’ म्हणजे लोनली.

‘सदाशिव’ गळाला आणि अर्थ बदलला

हा फरक समजून घ्यायला भोर तालुक्याचेच उदाहरण आहे. दादा कोंडके यांचे मूळ गाव भोर तालुक्यातले इंगवली. १९७२ मध्ये त्यांचा ‘एकटा जीव सदाशिव’ हा चित्रपट आला. ही मराठीतली जुनी म्हण. ना आगा ना पिछा, असा बिनघोर माणूस. यात एकटेपणा आहे, दुःख नाही. हा झाला ‘अलोन’.

पुढे अनिता पाध्ये यांनी दादांची जीवनकहाणी शब्दबद्ध केली. त्या पुस्तकाचे नाव ‘एकटा जीव’. म्हणीतला ‘सदाशिव’ गळून पडला आणि बिनघोरपणाही गेला. सलग नऊ रौप्यमहोत्सवी चित्रपटांसाठी गिनीज बुकात नोंद झालेल्या, थिएटरबाहेर रांगा लावणाऱ्या कलावंताच्या आयुष्याला हे शीर्षक मिळाले. भोवती गर्दी असतानाही माणूस ‘लोनली’ असू शकतो, हे सांगायला यापेक्षा सोपे उदाहरण सापडणार नाही.

भोर-वेल्ह्यात हा प्रश्न महत्त्वाचा का?

वेल्हे, म्हणजे आताचा राजगड तालुका. २०११ च्या जनगणनेत या अख्ख्या तालुक्याची लोकसंख्या साधारण ५४ हजार होती. डोंगरकुशीत आणि धरणांच्या काठाने विखुरलेल्या वाड्या, पावसावरची भातशेती. कमावती पिढी धायरी, नऱ्हे, कात्रजकडे गेलेली आणि घर सांभाळायला म्हातारी माणसे. भोर तालुक्यातले बुरुडमाळ हे गाव निवडणुकीत बातमीत येते, ते अवघ्या चाळीसेक मतदारांच्या मतदान केंद्रामुळे. इंग्रजी अर्थाने अशी गावे ‘लोनली’ आहेत, म्हणजे आडबाजूची. तिथली माणसे एकाकी आहेत, असा अर्थ त्यातून निघत नाही.

गल्लत होते ती इथेच. पुण्यातून मुलगा फोन करतो, ‘आई, तू एकटी आहेस, इकडेच ये.’ आई म्हणते, ‘एकटी कुठं? दावणीला गुरं हायती, शेजारी जाऊबाई हाय.’ मुलगा तिला घेऊन येतो. मग तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये दिवसभर दार बंद. मुलगा-सून कामावर, नातवंडे शाळेत. गावात जी फक्त ‘अलोन’ होती, ती शहरात ‘लोनली’ होते.

जगाने काय ओळखले?

जागतिक आरोग्य संघटनेच्या आयोगाने जून २०२५ मध्ये अहवाल दिला. त्यानुसार जगात दर सहा जणांपैकी एकाला एकाकीपणा जाणवतो आणि त्याच्याशी संबंधित मृत्यूंचा अंदाज वर्षाला ८ लाख ७१ हजार, म्हणजे तासाला सुमारे १०० आहे. या अहवालातही दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या आहेत. हवी तशी नाती न मिळाल्याची वेदना म्हणजे एकाकीपणा, तर पुरेसा संपर्कच नसणे म्हणजे सामाजिक विलगता. ब्रिटनने २०१८ मध्ये आणि जपानने २०२१ मध्ये एकाकीपणाच्या प्रश्नाची जबाबदारी मंत्र्यांकडे सोपवली.

मग उपाय कोणता?

एकटे राहण्याचे कौतुक करण्याचेही कारण नाही. रात्री पाय घसरला, साप चावला, पावसात रस्ता बंद झाला, तर एकटे असणे जिवावर बेतते. पण त्यावरचे उपाय वेगळे आहेत. वेळेवर एसटी, चालू असलेले प्राथमिक आरोग्य केंद्र, वाडीपर्यंत मोबाइलची रेंज आणि रोज दारात डोकावणारा शेजारी. हे प्रश्न सरकारचे आणि गावाचे आहेत. ‘म्हातारी एकाकी आहे हो’ म्हणून हळहळल्याने ते सुटत नाहीत, उलट झाकले जातात.

एकाकीपणा मात्र रेंजने जात नाही. त्याला आपले माणूस लागते. बोलायला, ऐकून घ्यायला आणि ‘तुझ्यावाचून अडलंय’ असे सांगायला. ज्येष्ठांसाठी १४५६७ आणि मानसिक आधारासाठी १४४१६ या राष्ट्रीय हेल्पलाइन आहेत. पण पहिला फोन घरातूनच जायला हवा.

त्या फोनवर ‘एकटी आहेस ना?’ असे विचारले तर उत्तर ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढेच येईल. त्याऐवजी दोन प्रश्न वेगवेगळे विचारावेत. ‘रात्री काही झालं तर कोण येईल?’ आणि ‘तुला एकटं वाटतं का?’ पहिल्याच्या उत्तरावरून सोय करावी. दुसऱ्याचे उत्तर ‘हो’ आले, तर पुढच्या एसटीने गावी जावे. तिला इकडे आणायचे की नाही, हे तिथे बसून, तिच्याशी बोलून ठरवावे.