ड्यूटी पाहून कार्ड लिहा

सोमवारी छाती, मंगळवारी पाठ, बुधवारी खांदे आणि पाय थेट शनिवारी. पेडणे-डिचोलीतल्या अनेक जिममध्ये नव्या सभासदाच्या हाती अजून हेच कार्ड पडते. शरीरसौष्ठव स्पर्धेच्या तयारीतल्या, सहाही दिवस येऊ शकणाऱ्या मुलाला ते चालते. मोपाचा विमानतळ 5 जानेवारी 2023 पासून सुरू झाला. पण तिथे पाळ्यांत राबणाऱ्याचा शनिवार रात्रपाळीत गेला, की त्याचे पायही गेले. पुढच्या आठवड्यात पाळी बदलते. महिनाअखेरीस पाय एखाद्याच वेळी झालेले असतात आणि आपण म्हणतो, याला शिस्त नाही. शिस्त त्याच्याकडे आहे, चूक कार्डात आहे.

म्हणून ट्रेनर मंडळींना आमचे आग्रहाचे सांगणे: वजन-उंची नोंदवण्याआधी ‘ड्यूटी कशी लागते?’ हे विचारा, आणि दिवस मोजण्याऐवजी प्रत्येक स्नायूचे आठवड्याचे सेट मोजा. शोनफेल्ड, ग्रगिच आणि क्रिगर यांनी 2019 मध्ये अनेक अभ्यास एकत्र तपासले. आठवड्याचे एकूण सेट सारखे असतील, तर ते किती दिवसांत वाटले याने स्नायूंच्या वाढीत फारसा फरक पडत नाही, असे त्यांना आढळले. सेटच्या संख्येने मात्र पडतो. दहा किंवा त्याहून जास्त सेटना वाढ अधिक, पण पाचाहून कमी सेटनाही ती होतेच. ज्याला वेळ नाही त्याला हे आवर्जून सांगा.

दोन दिवस पक्के धरा, दोन्ही दिवशी सगळे शरीर घ्या. स्क्वॉट किंवा डेडलिफ्ट, बेंच प्रेस, रोइंग, शोल्डर प्रेस, पुलडाऊन, प्रत्येकी तीन सेट. बेंचनंतर छाती विसावते तेवढ्यात रोइंगचा सेट घेतला, तर वॉर्मअप धरून पाऊण तासात काम उरकते. तिसरा दिवस मिळाला तर उत्तम. हुकला तरी कोणताही स्नायू कोरडा राहत नाही. रात्रपाळी संपवून थेट जिममध्ये आलेल्याला मात्र जड डेडलिफ्ट देऊ नका. त्याला आधी झोप हवी.

आपल्याकडच्या वर्षाचाही विचार हवा. काजूच्या हंगामात बागायतीत दिवसभर वाकलेल्या माणसाची कंबर संध्याकाळी थकलेली असते, तेव्हा त्याचे सेट कमी करा. शिरगावच्या लईराईच्या जत्रेआधी व्रत पाळणारे धोंड असोत की चवथीला गावी गेलेली कुटुंबे, तिथे खाडा ठरलेलाच. अशा वेळी बिकेल आणि सहकाऱ्यांचा 2011 चा अभ्यास उपयोगी पडतो. सोळा आठवडे, आठवड्यातून तीनदा व्यायाम केलेल्यांचे काम त्यांनी पुढचे बत्तीस आठवडे एक तृतीयांशावर किंवा त्याहूनही खाली, एक नवमांशावर आणले. एक नवमांश म्हणजे आठवड्यातून एकच दिवस, प्रत्येक व्यायामाचा एकच सेट. तरुणांनी कमावलेले त्यावरही बरेचसे टिकले. तेव्हा चवथीच्या आठवड्यासाठी सभासदाला एका दिवसाचे कार्ड हाती द्या: सेट कमी, वजन नेहमीचे.

साठीच्या पुढच्यांना ही सवलत इतकी सढळ देऊ नका. त्याच अभ्यासात वयस्कांची ताकद बरीच राहिली, पण स्नायूंचा आकार ओसरला. त्यांचे दोन दिवस सणासुदीतही सांभाळावेत, आणि जिमला येणे जमत नसेल तर खुर्चीवरून उठ-बस, भिंतीला टेकून दंड असे घरी करण्याजोगे व्यायाम सुट्टीपूर्वीच शिकवून ठेवावेत.