संशय म्हणजे पुरावा नव्हे

१४ ऑगस्ट २०१३ च्या मध्यरात्रीनंतर मुंबईच्या नौदल गोदीत ‘आयएनएस सिंधुरक्षक’ पाणबुडीत स्फोट झाले आणि १८ नौसैनिकांचा जीव गेला. दुसऱ्या दिवशी स्वातंत्र्यदिन होता. चौकशी पूर्ण होण्याआधीच घातपाताची चर्चा सुरू झाली. २०१७ मध्ये ‘कॅग’च्या अहवालाने मात्र वेगळ्याच गोष्टींवर बोट ठेवले: नौसैनिकांच्या थकव्याचा नीट अंदाज घेतला गेला नव्हता आणि पाणबुडीवर मुदत संपत आलेला दारूगोळा होता.

अमेरिकेत अशाच एका प्रकरणात संशय थेट न्यायालयात गेला. १२ जुलै २०२० रोजी सॅन डिएगोच्या नौदल तळावर ‘बॉनहोम रिचर्ड’ ही युद्धनौका पेटली. आग चार दिवसांहून अधिक चालली आणि नौका भंगारात काढावी लागली. जाळपोळीचा आरोप एका तरुण खलाशावर आला. ‘सील’ कमांडो होता आले नाही, त्याचा राग त्याने काढला, असे सरकारी पक्षाचे म्हणणे होते.

हेतू पटण्यासारखा वाटला, पण पुरावा कुठे होता? त्याला खालच्या मजल्यावर जाताना पाहिल्याचे सांगणारा मुख्य साक्षीदार एकच, आणि त्याचा जबाबही बदलत गेलेला. आग त्यानेच लावली हे दाखवणारा भौतिक पुरावा नव्हता. आग लिथियम बॅटरीमुळेही लागू शकते, असे बचाव पक्षाने मांडले. ३० सप्टेंबर २०२२ रोजी लष्करी न्यायाधीशांनी त्याला निर्दोष ठरवले. नौदलाच्या अहवालातही आग मुद्दाम लावली गेली असेच म्हटले होते. पण नौकेवरची बहुतांश अग्निशमन केंद्रे नादुरुस्त होती आणि फेस सोडणारे बटण कुणी दाबलेच नाही, हेही त्याच अहवालात होते. सगळे लक्ष एका आरोपीवर गेले की अशी बेफिकिरी सहज नजरेआड होते.

हे आपल्याला नवीन नाही. ११ जुलै २००६ च्या मुंबई लोकल बॉम्बस्फोट खटल्यात मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये सर्व १२ जणांना निर्दोष ठरवले. राज्य सरकारने सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली आहे. पण तुरुंगात गेलेली १९ वर्षे कुणीच परत देऊ शकत नाही. आणि त्या स्फोटांत आपली माणसे गमावलेल्या घरांना तरी इन्साफ कुठे मिळाला?

मित्रांनो, हीच कसोटी आपल्यालाही लागू आहे. २१ नोव्हेंबर २००३ रोजी परभणीच्या मोहम्मदिया मशिदीवर बॉम्ब टाकले गेले. त्या जखमेचा राग रास्त आहे. पण आरोपी दुसऱ्या समाजाचा असला म्हणून आपण कमी पुराव्यावर समाधान मानू लागलो, तर आपल्या पोरांसाठी पुरावा मागताना आपल्या शब्दाला वजन उरणार नाही. शिवाय कच्च्या तपासाचा फायदा खऱ्या गुन्हेगारालाच होतो.

परभणीत, जिंतूरमध्ये किंवा गंगाखेडला दुकान जळाले आणि मोबाईलवर कुणाचे तरी नाव फिरू लागले, तर ते पुढे पाठवण्याआधी चार गोष्टी विचारा. प्रत्यक्ष कुणी पाहिले? त्याचा जबाब पहिल्या दिवसापासून तोच आहे का? घटनास्थळी काय सापडले? शॉर्टसर्किटसारखी दुसरी कारणे तपासली का? उत्तरे मिळेपर्यंत ते नाव तुमच्या फोनवरच थांबू द्या, मग ते कोणत्याही धर्माच्या माणसाचे असो.