कर्व्यांचा गौरव आणि आपलें मौन

रघुनाथ धोंडो कर्वे यांचें नांव आतां चारचौघांत घेतां येतें. २००१ सालीं त्यांच्यावर ‘ध्यासपर्व’ हा चित्रपट निघाला. तो पाहून आपण माना डोलावल्या आणि ‘संततिनियमनाचे प्रचारक’ अशी पाटी त्यांच्या गळ्यांत अडकवून मोकळे झालों. माझा आक्षेप ह्या पाटीलाच आहे.

१९२१ सालीं मुंबईंत संततिनियमनाचें केंद्र काढणारा हा गणिताचा प्राध्यापक त्याहून पुष्कळ अधिक सांगत होता. हॅवलॉक एलिसप्रभृति संशोधकांनीं कामजीवनाकडे पाप म्हणून न पाहतां निरीक्षणाचा विषय म्हणून पाहिलें. ती दृष्टि कर्व्यांनीं १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ मासिकांतून मराठी घरांत आणली. कामसुखावर स्त्रीचाहि पुरुषाइतकाच हक्क आहे, असें ते स्वच्छ लिहीत. वाचकांनीं विचारावें, संपादकांनीं सरळ उत्तर द्यावें. आणि ह्या प्रश्नोत्तरांवरच १९३४ सालीं अश्लीलतेचा खटला झाला. डॉ. आंबेडकर वकील म्हणून उभे राहिले, तरी दंड झालाच. (एलिसचा ग्रंथ विकणाऱ्यावर १८९८ सालीं लंडनमध्येंहि खटला झाला होता, तेव्हां ही सोवळेगिरी केवळ आपलीच नव्हे.)

मुलांना हें कळलें तर तीं बिघडतील, असें म्हणणारे सद्गृहस्थ आजहि भेटतात. २००७ सालीं महाराष्ट्रांतील शाळांतून लैंगिक शिक्षण ह्याच भीतीनें बंद करण्यांत आलें. ह्या सद्गृहस्थांपुढें मी आमच्या परभणी जिल्ह्याचा आंकडा ठेवतों. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत येथील २० ते २४ वर्षांच्या स्त्रियांपैकीं ४८ टक्क्यांचीं लग्नें अठरा वर्षें पुरीं होण्यापूर्वींच झालेलीं आढळलीं. म्हणजे जें वर्गांत ऐकणें अनुचित, तें त्याच वयांत अंगावर येणें मात्र उचित! दारिद्र्य, ऊसतोडीसाठीं होणारें स्थलांतर हीं कारणें मला ठाऊक आहेत. परंतु मुलीला तिच्या शरीराविषयीं एक शब्दहि न सांगतां बोहल्यावर चढवा, असें कांहीं दारिद्र्य सांगत नाहीं.

आमच्या गांवांत पशुवैद्यक महाविद्यालय आहे. गाय माजावर आली कीं नाहीं, गाभण राहिली कीं नाहीं, हें शेतकरी पशुवैद्याला निःसंकोच विचारतो. लेकीसमोर मात्र त्याच्या तोंडून पाळीचा शब्द निघत नाहीं. त्याला मी काय म्हणून हंसावें? इंग्रजी शिकलेल्या मीहि माझ्या मुलीला कांहींच सांगितलें नाहीं. तें काम पत्नीवर ढकललें, आणि तिनें तें केलें कीं नाहीं हेंहि विचारलें नाहीं. माझ्या कपाटांत एलिस आहे. वरच्या फळीवर, इतर पुस्तकांच्या मागें.