अॅव्हलॉनचा गवई

अमेरिकेच्या दक्षिण भागांत कृष्णवर्णीय कष्टकऱ्यांमध्यें जन्मलेलें ‘ब्लूज’ नांवाचें गाणें म्हणजे केवळ आक्रोश, अशी पुष्कळांची समजूत असते. मिसिसिपी जॉन हर्ट याच्या ध्वनिमुद्रिका ऐकल्यास ती क्षणांत गळून पडेल. ओसरीवर बसून शेजाऱ्याशीं बोलावें, तसा हा गृहस्थ गातो. (आवाज चढविल्याशिवाय भाव पोंचत नाहीं असें मानणाऱ्या आपल्याकडील गवयांनीं हें जरूर ऐकावें.) खरी मौज त्याच्या गिटारींत आहे. उजव्या हाताचा अंगठा खर्जाच्या तारांवर अखंड लय धरतो, आणि त्याच हाताचीं इतर बोटें वरच्या तारांवर स्वतंत्र चाल वाजवितात; वीणा व मृदंग एकाच हातीं दिल्यासारखें! नवख्यास दोन वादक बसले आहेत असेंच वाटावें.

१९२८ सालीं ओके कंपनीनें मेम्फिस व न्यूयॉर्क येथें त्याचें गायन मुद्रित केलें. तबकड्या फारशा खपल्या नाहींत. पाठोपाठ आर्थिक मंदी आली, व हर्ट पुन्हां शेतावर राबूं लागला. न्यूयॉर्कांत मुद्रित झालेल्या एका पदांत मात्र त्यानें आपल्या गांवाचें नांव गुंफलें होतें: अॅव्हलॉन. तेवढ्या धाग्यावरून जुन्या नकाशांत तें खेडें सांपडलें, आणि १९६३ सालीं टॉम हॉस्किन्स हा तरुण रसिक हर्टच्या दारांत जाऊन उभा राहिला. म्हातारा जिवंत होता. कलाही शाबूत होती! त्याच वर्षीं न्यूपोर्टच्या महोत्सवांत त्याचें गाणें झालें, नव्या मुद्रिका निघाल्या. १९६६ सालीं तो वारला.

आधीं १९२८ च्या मुद्रिका ऐकाव्या, मग उतारवयांतल्या. मधल्या पस्तीस वर्षांची एकही तबकडी नाहीं.